क्रूझवरची संध्याकाळ: जेवण, करमणूक आणि पोशाख यांची आखणी कशी करावी

क्रूझवर पहिल्यांदा निघालेल्या माणसाला तीन प्रश्न हमखास पडतात: जेवायला कुठे आणि काय मिळेल, वेळ कसा जाईल आणि बॅगेत कपडे कोणते भरायचे. हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, म्हणून बहुतेक जण त्यांची उत्तरेही सुटी सुटी शोधतात. मग जहाजावर गेल्यावर जेवणाचे टेबल आणि नाटकाचा प्रयोग एकाच वेळी येतात, किंवा समारंभाच्या रात्री नेमका कोट चुरगळलेला निघतो. माझ्या मते हा मुळात एकच प्रश्न आहे, आणि तो म्हणजे संध्याकाळी सहा ते अकरा हे पाच तास कसे घालवायचे. रात्रीच्या जेवणाची वेळ ठरली की कोणता कार्यक्रम कधी पाहता येईल हे आपोआप ठरते, जेवण कुठे घ्यायचे ते ठरले की कपडे ठरतात आणि कपडे ठरले की बॅग ठरते. म्हणून पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

पहिली पायरी: तिकीट काढतानाच जेवणाची वेळ निवडा

मोठ्या जहाजांवर ‘मेन डायनिंग रूम’ नावाचे एक मुख्य भोजनगृह असते. तिथले जेवण तिकिटात धरलेले असते आणि वेटर ते टेबलावर आणून वाढतो. इथे जेवायच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत ठरलेल्या पंगतीची. पहिली पंगत साधारण साडेपाच ते सहाच्या सुमारास बसते, दुसरी आठ ते साडेआठच्या सुमारास, आणि सगळ्या प्रवासात टेबल तेच, वेटर तोच आणि बहुधा टेबलावरची मंडळीही तीच असतात. दुसरी पद्धत सवडीची: ठरावीक वेळेच्या आत केव्हाही यावे आणि जे टेबल मोकळे असेल तिथे बसावे. कार्निव्हल ही क्रूझ कंपनी तिला ‘युअर टाइम’ म्हणते, रॉयल कॅरिबियन ही दुसरी कंपनी ‘माय टाइम’. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ठरलेल्या पंगती सोडून दिल्या आणि त्यानंतर हळूहळू बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सवडीचा पर्याय आणला.

दोन्हींपैकी कोणती निवडावी, याचे उत्तर प्रवासाच्या आराखड्यात सापडते. लहान मुले बरोबर असतील किंवा लवकर जेवायची सवय असेल, तर पहिली पंगत सोयीची. मात्र आराखड्यात बंदरांचे दिवस जास्त असतील आणि जहाज संध्याकाळी सहा-सात वाजता बंदर सोडणार असेल, तर पहिल्या पंगतीला पोहोचण्यासाठी दुपारी चारपासूनच घाई सुरू होते आणि ज्या शहरासाठी इतका खर्च केला ते अर्धवट पाहून परतावे लागते. अशा प्रवासात दुसरी पंगत किंवा सवडीची पद्धत घ्यावी. सवडीच्या पद्धतीची अडचण अशी की सात ते साडेसातच्या सुमारास सगळेच येतात आणि दाराशी रांग लागते. कंपनीच्या ॲपवरून रोजची वेळ आधी राखून ठेवली, तर ही अडचण बरीचशी सुटते.

ठरलेल्या पंगतीला जुनाट समजून तिच्याकडे पाठ फिरवू नये. तिसऱ्या रात्रीपर्यंत वेटरला तुमच्या सवयी पाठ झालेल्या असतात: पाण्यात बर्फ नको, पाव आधी हवा, जेवणानंतर कॉफी दुधाशिवाय. ओळख वाढली की तो एखादा पदार्थ ‘आज घेऊ नका’ असेही हळूच सांगतो, आणि मेन्यूवरच्या कोणत्याही वर्णनापेक्षा ते सांगणे अधिक उपयोगाचे असते. अनोळखी मंडळींबरोबर बसण्याचा संकोच वाटत असेल, तर दोघांचे टेबल आधीच मागावे. ते मिळेलच असे नाही, पण मागितल्याशिवाय मात्र नक्कीच मिळत नाही. वेळ किंवा टेबल बदलायचे असेल, तर पहिल्या दिवशी दुपारीच भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकाला गाठावे. रात्र उलटली की याद्या पक्क्या होतात.

काही कंपन्यांची घडी याहून निराळी आहे. डिस्नेच्या जहाजांवर तीन भोजनगृहे आळीपाळीने येतात आणि तुमचे वेटर तुमच्याबरोबर एका भोजनगृहातून दुसऱ्यात जातात. क्युनार्डवर तुमची केबिन कोणत्या वर्गाची, यावर तुम्ही ब्रिटानिया भोजनगृहात जेवणार की प्रिन्सेस ग्रिल किंवा क्वीन्स ग्रिलमध्ये, हे ठरते. व्हर्जिन व्हॉयेजेसने मुख्य भोजनगृह आणि बुफे दोन्ही काढून टाकले असून त्यांच्या जहाजांवर वेगवेगळी रेस्टॉरंट्स आहेत आणि त्यांतले जेवण तिकिटातच येते. म्हणून जहाज ठरवण्याआधी त्याची भोजनपद्धत पाहून घ्यावी.

दुसरी पायरी: तिकिटात काय आहे आणि काय नाही

क्रूझवर जेवण फुकट असते, हे अर्धसत्य आहे. मुख्य भोजनगृह, बुफे, पिझ्झा किंवा बर्गरसारखे काही काउंटर, साधे पाणी, साधा चहा-कॉफी आणि न्याहारीच्या वेळचे रस हे बहुतेक ठिकाणी तिकिटात असते. बाटलीबंद शीतपेये, मद्य, यंत्रावरची खास कॉफी आणि ‘स्पेशालिटी’ म्हणून ओळखली जाणारी वेगळी रेस्टॉरंट्स यांचे पैसे मात्र निराळे पडतात. केबिनमध्ये जेवण मागवण्याचे नियम कंपनीगणिक बदलतात. काही ठिकाणी फक्त साधी न्याहारी विनामूल्य असते आणि बाकी प्रत्येक मागणीवर आकार लागतो. न्याहारी मागवायची असेल, तर केबिनमधले छापील कार्ड भरून रात्री दाराच्या मुठीला अडकवून ठेवायचे, ही जुनी आणि भरवशाची पद्धत अजून अनेक जहाजांवर चालते.

बारमधल्या आणि स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या बिलावर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप चढते. त्याशिवाय माणशी, दर दिवशी एक ठरावीक बक्षिसी खात्यावर लागते आणि ती वेटर, केबिन सांभाळणारे आणि इतर कर्मचारी यांच्यात वाटली जाते. बिलावर ‘टिप’ लिहायला आणखी एक रिकामी ओळ छापलेली असते. सेवाशुल्क आधीच धरले आहे, हे माहीत नसलेला माणूस तिथेही रक्कम लिहितो आणि दोनदा देतो. देण्याची इच्छा असल्यास जरूर द्यावे, पण नजरचुकीने नको.

पेयांच्या पॅकेजचा, म्हणजे दर दिवसाची ठरावीक रक्कम आधीच भरून पेये घेण्याच्या योजनेचा, हिशेब कागदावर मांडूनच करावा. अनेक कंपन्यांच्या नियमानुसार एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले, तर बाकीच्या प्रौढांनाही ते घ्यावे लागते, ते दुसऱ्याशी वाटून घेता येत नाही आणि पेयाच्या किमतीला वरची मर्यादा असते. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये चोवीस तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे. ही मर्यादा गाठण्याचा प्रश्न सहसा येत नाही, प्रश्न उलटा असतो. बंदराच्या दिवशी तुम्ही आठ-नऊ तास जहाजाबाहेर असता आणि पॅकेजचे पैसे मात्र त्या दिवसाचेही मोजलेले असतात. म्हणून बंदरे जास्त असतील तर पॅकेज टाळावे, समुद्रातले दिवस जास्त असतील तर विचार करावा. एरवी जेवणाबरोबर वाइनची बाटली घेणे अधिक शहाणपणाचे. ती संपली नाही तर वेटर तिच्यावर केबिनचा क्रमांक लिहून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री तीच बाटली टेबलावर येते.

सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजेंट सेव्हन सीज यांसारख्या महागड्या कंपन्यांच्या तिकिटात पेये आणि बक्षिसी आधीच धरलेली असते. तिकिटांची तुलना करताना ही बेरीज दोन्ही बाजूंना करून पाहावी.

तिसरी पायरी: पथ्य, ॲलर्जी आणि टेबलावरची रीत

शाकाहार, ग्लुटेन, दूध, सुकामेवा, मीठ यांपैकी कशाचेही पथ्य असेल, तर ते तिकीट काढताना किंवा त्यानंतर लगेच कंपनीला लेखी कळवावे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात कळवणे उशिराचे ठरते, कारण जहाजाचा शिधा बंदरात भरला जातो आणि समुद्रात गेल्यावर तिथे नसलेली वस्तू कोठून आणणार? पण कळवले म्हणून काम संपले, असे समजू नये. पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून तेच पुन्हा सांगावे. तो सहसा उद्याचा मेन्यू आज रात्रीच आणून दाखवतो आणि तुमचे ताट आधीच नोंदवून घेतो. असे नोंदवलेले जेवण वेगळे शिजते आणि वेळेवर येते. ही सोय असूनही कितीतरी लोकांना तिचा पत्ता नसतो.

बुफेमध्ये अधिक जपावे लागते. पदार्थांपुढे पाट्या असतात, पण एका भांड्यातला चमचा शेजारच्या भांड्यात जायला क्षणही लागत नाही, आणि तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तेवढे पुरेसे असते. मेन्यूवर शाकाहाराची खूण नसलेल्या भाज्यांच्या सूपचा आधारही पुष्कळदा मांसाच्या किंवा माशांच्या रश्शाचा असतो. ‘यात मांस आहे का’ असे विचारले तर वेटर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण तुकडे खरोखरच नसतात. ‘हे सूप कशाच्या पाण्यात शिजवले आहे’ असा प्रश्न विचारला की तो आत जाऊन विचारून येतो आणि खरे उत्तर मिळते.

मुख्य भोजनगृहातले रात्रीचे जेवण तीन टप्प्यांत येते: सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ आणि शेवटी गोड. मेन्यू रोज बदलतो, पण एका कोपऱ्यात रोज मिळणाऱ्या साध्या पदार्थांची यादी कायम असते. सुरुवातीचे दोन पदार्थ मागवले, मुख्य पदार्थ सोडून दिला किंवा अर्धेच वाढायला सांगितले, तरी कोणी भुवया उंचावत नाही. आवडले नाही तर बदलून मागता येते. दुसरा मुख्य पदार्थही बहुधा तसाच मिळतो, पण काही कंपन्या आता तिसऱ्यावर आकार लावतात आणि लॉब्स्टरसारख्या पदार्थाचे दुसरे ताट हवे असल्यास अनेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात. सुऱ्या-काट्यांची रांग पाहून बुजायचे कारण नाही: बाहेरून आत येत राहायचे, बस. या जेवणाला दीड ते दोन तास लागतात, हे ध्यानात ठेवून नंतर कार्यक्रम असेल तर बसल्या बसल्याच वेटरला सांगावे. तो त्या हिशेबाने ताटे आणतो.

बुफेला जाताना दारातल्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये. जहाजांवर पोटाचे विकार पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा सॅनिटायझर पुरेसा परिणाम करत नाही. साबण-पाण्याने हात धुणे हाच खात्रीचा उपाय, आणि म्हणूनच अनेक जहाजांवर बुफेच्या दाराशीच बेसिने असतात. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथली सीडीसी ही आरोग्यसंस्था १०० गुणांच्या मापाने तपासते. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. हे निकाल सार्वजनिक असतात आणि तिकीट काढण्याआधी दोन मिनिटांत पाहता येतात.

चौथी पायरी: कार्यक्रम निवडा आणि काही सोडून द्या

मोठ्या जहाजावर एका दिवसात होणारे कार्यक्रम एका माणसाला पाहणे अशक्य असते. रोजचे पत्रक केबिनमध्ये येते किंवा कंपनीच्या ॲपवर दिसते. आदल्या रात्री ते वाचून दोनच गोष्टी ठरवाव्यात आणि बाकीचे वाटेत भेटले तर पाहावे.

मुख्य नाट्यगृहातला मोठा प्रयोग सहसा एका रात्री दोनदा होतो आणि त्याच्या वेळा पंगतींशी जुळवलेल्या असतात. पहिल्या पंगतीवाल्यांना जेवणानंतरचा प्रयोग सोयीचा पडतो, दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवणाआधीचा किंवा रात्री उशिराचा. सवडीची पद्धत घेतलेल्यांनी आधी प्रयोगाची वेळ धरावी आणि तिच्या दोन तास आधी जेवायला बसावे. याचे तिकीट लागत नाही, पण काही जहाजांवर जागा राखून ठेवावी लागते. रॉयल कॅरिबियनच्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ या जहाजावर १९९९ साली बर्फावरच्या स्केटिंगचे मैदान आले आणि २००९ च्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर उघड्या आकाशाखाली पाण्यातल्या कसरतींचे प्रेक्षागृह आले. अशा ठिकाणी मुख्य नाट्यगृहापेक्षा जागा पुष्कळ कमी असतात, म्हणून ॲपवर नोंदणी खुली होताच सर्वांत आधी त्यांच्या जागा घ्याव्यात. त्या भरल्या असल्या तरी हिरमुसून जाऊ नये. प्रयोगाच्या आधी न आलेल्यांच्या खुर्च्या दाराशी थांबलेल्यांना दिल्या जातात आणि न येणारे प्रत्येक प्रयोगाला असतातच.

समुद्र खवळला असेल तर कसरतीचे आणि पाण्यातले प्रयोग ऐनवेळी रद्द होतात. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण हलत्या मंचावर उंचावरून झेप घेणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न असतो. याचसाठी ज्या प्रयोगाकरता जहाज निवडले, तो शेवटच्या रात्रीवर ढकलू नये, पहिल्या संधीला पाहून घ्यावा. आणखी एक बारीक गोष्ट. बहुतेक मोठ्या जहाजांचे मुख्य नाट्यगृह नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाला असते आणि जहाजाचे वरखाली होणे टोकांना जास्त जाणवते. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी मंचाजवळची जागा सोडून मागच्या रांगेत, दाराजवळ बसावे.

नाट्यगृहाबाहेरही पुष्कळ काही असते: पियानो बार, नाच, प्रश्नमंजूषा, कराओके, डेकवरचा सिनेमा. विनोदी कार्यक्रम बऱ्याच जहाजांवर दोन प्रकारचे असतात. संध्याकाळचा सर्वांसाठी आणि रात्री उशिराचा केवळ प्रौढांसाठी, म्हणून मुलांना नेण्याआधी पत्रकातली बारीक अक्षरे वाचावीत. कॅसिनो आणि जहाजावरची दुकाने बंदरात असताना साधारणपणे बंद राहतात, कारण तिथे किनाऱ्यावरच्या देशाचे कायदे लागू होतात. जहाज खुल्या समुद्रात गेले की ती उघडतात. चित्रांचे लिलाव, त्वचेची निगा किंवा पायांच्या दुखण्यावरचे ‘मोफत व्याख्यान’ यांत मोफत फक्त बसणे असते, पुढचे सगळे विक्रीचे असते. हे ओळखून गेले तर करमणूक म्हणून वाईट नाही.

ज्यांना गोंगाट नको त्यांनी जहाजच तसे निवडावे. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर कॅसिनो नाही आणि १८ वर्षांखालच्या प्रवाशांना प्रवेश नाही. तिथली संध्याकाळ व्याख्याने आणि संगीत यांत जाते. २००४ साली सेवेत आलेल्या क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर तारांगण आहे आणि जोडीने नाचण्यासाठी भव्य दालन आहे. ज्याला पाण्याच्या घसरगुंड्या हव्यात तो तिथे कंटाळेल आणि ज्याला वाचत बसायचे आहे तो घसरगुंड्यांच्या जहाजावर वैतागेल, आणि दोघेही दोष मात्र क्रूझला देतील.

पाचवी पायरी: कोणत्या रात्री काय घालायचे

दिवसभराचे कपडे हा प्रश्नच नाही. डेकवर आणि बंदरात जे आरामशीर वाटेल ते चालते. नियम दोनच: पोहण्याच्या कपड्यांवर काहीतरी चढवल्याशिवाय आणि अनवाणी पायांनी बुफेत किंवा इतर बंदिस्त जागी जायचे नाही. प्रश्न असतो तो संध्याकाळचा.

बहुतेक रात्री ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे लिहिलेले असते आणि याच दोन शब्दांनी सर्वाधिक गोंधळ होतो. पुरुषांसाठी याचा अर्थ पूर्ण लांबीची पँट, कॉलर असलेला शर्ट आणि बंद बूट. स्त्रियांसाठी ड्रेस, स्कर्ट किंवा चांगली पँट आणि टॉप. चांगल्या कुटुंबाकडे रात्रीच्या जेवणाला जाताना आपण जे घालू ते, असा अर्थ धरला तर चूक होत नाही. बिनबाह्यांची बनियन, कॅप, रबरी चप्पल आणि पोहण्याचे कपडे मुख्य भोजनगृहात चालत नाहीत. अर्ध्या चड्ड्यांबाबत कंपन्या हल्ली सैल झाल्या असल्या, तरी दाराशी उभ्या असलेल्या माणसाशी त्यावरून वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नये.

सात रात्रींच्या प्रवासात साधारण दोन रात्री समारंभी असतात आणि तीन-चार रात्रींच्या प्रवासात एक. त्या बहुधा समुद्रातल्या दिवशी येतात, कारण त्या दिवशी कोणाला किनाऱ्यावरून धावतपळत यायचे नसते. नावे निरनिराळी आहेत. कार्निव्हल अशा रात्रीला ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते, तर सेलिब्रिटी या कंपनीने २०१५ साली जुनी ‘फॉर्मल’ रात्र मोडून तिच्या जागी थोडी सैलसर ‘इव्हनिंग शिक’ आणली. अपेक्षा मात्र थोड्याफार फरकाने सारखीच: पुरुषांनी सूट किंवा निदान कोट, स्त्रियांनी समारंभाला शोभेल असा पोशाख. डिनर जॅकेट आणि बो टाय घालणारे अजून दिसतात, पण बहुतेक जहाजांवर ते आता अल्पसंख्य आहेत.

याला ठळक अपवाद क्युनार्डचा. तिथे संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतांश भागात नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि ‘गाला’ रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट, स्त्रियांनी इव्हनिंग गाऊन किंवा तसाच समारंभी पोशाख घालायचा असतो. आपापल्या देशाचा पारंपरिक समारंभी पोशाखही तिथे मान्य आहे. गाला रात्रींना काळा-पांढरा किंवा मुखवटे यांसारखा विषय ठरवलेला असतो. ज्यांना यात पडायचे नाही त्यांच्यासाठी बुफे, पब आणि कॅसिनो असे काही भाग मोकळे ठेवलेले आहेत. याच्या दुसऱ्या टोकाला व्हायकिंग, जिथे समारंभी रात्रच नाही, आणि व्हर्जिन व्हॉयेजेस, जिथे एका रात्री सगळ्यांनी लाल रंग घालावा एवढीच अपेक्षा असते.

समारंभी रात्र टाळता येते का? येते. त्या रात्री बुफे उघडा असतो आणि तिथे साधे कपडे चालतात. पण मी तरी ती एकदा अनुभवावी असेच सुचवेन. त्या रात्री सात वाजता लिफ्टजवळ उभे राहावे. सकाळी पोहण्याच्या तलावाकाठी ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून आइस्क्रीम खाणारी तीच माणसे आता इस्त्रीच्या कपड्यांत, एकमेकांचे टाय नीट करत खाली उतरत असतात, जिन्यावर छायाचित्रकार थाटात उभे असतात आणि कालपर्यंत नुसतीच मान हलवणारे शेजारी थांबून दोन शब्द बोलतात. तो बदल पाहण्यासाठी एक कोट वाहून नेणे मला महाग वाटत नाही.

स्त्रियांनी अगदी उंच टाचांचा विचार दोनदा करावा. हलत्या जिन्यावर, हातात पर्स सांभाळत, पातळ टाचेवर तोल राखणे अवघड जाते. बुटक्या, रुंद टाचेचे बूट दिसायलाही वाईट नसतात. प्रवास कितीही उष्ण भागातला असला तरी भोजनगृह आणि नाट्यगृह यांतली हवा चांगलीच गार असते आणि रात्री डेकवर वारा असतो, म्हणून प्रत्येकासाठी एक शाल किंवा हलके जॅकेट हवेच. कॅरिबियन प्रवासाला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया, त्रिनिदाद यांसारख्या देशांत सामान्य नागरिकांनी लष्करी ठिपक्यांचे कपडे घालणे कायद्याने निषिद्ध आहे. हा नियम लहान मुलांच्या कपड्यांनाही लागू होतो.

सहावी पायरी: बॅग भरणे

केबिन लहान असते आणि कपाट त्याहून लहान, म्हणून कपडे मोजूनच घ्यावेत. सात रात्रींसाठी पुरुषांना एक कोट, दोन पँट, चार-पाच शर्ट आणि एक टाय पुरतो. स्त्रियांना एक किंवा दोन समारंभी पोशाख आणि एकमेकांवर फिरवून घालता येतील असे तीन-चार जोड. कोट दोन्ही समारंभी रात्री तोच चालतो, शर्ट बदलला की झाले. बुटांचे तीन जोड पुरतात: चालण्याचे, संध्याकाळचे आणि तलावाकाठचे.

इस्त्री आणि कपड्यांचा वाफारा नेऊ नये. आगीच्या भीतीने या वस्तू केबिनमध्ये बहुतेक सर्वत्र निषिद्ध आहेत आणि तपासणीत सापडल्या तर प्रवास संपेपर्यंत परत मिळत नाहीत. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणे वाचवणारा भाग) असलेल्या विजेच्या पट्ट्यांचेही तसेच. क्युनार्ड, प्रिन्सेस क्रूझेस आणि कार्निव्हल या कंपन्यांच्या अनेक जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते आणि तिथे इस्त्रीही करता येते, पण समारंभी रात्रीच्या दुपारी तिथे रांग असते, म्हणून ते काम आदल्या दिवशी उरकावे. जिथे ही सोय नाही तिथे कपडे न्हाणीघरात टांगून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटे सोडावा. बऱ्याच सुरकुत्या उतरतात. बहुतेक केबिनच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असल्यामुळे चुंबकाचे चार हुक नेले, तर टोपी, शाल आणि ओले कपडे टांगायला जागा होते. मी नेलेल्या सगळ्या वस्तूंपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू हीच ठरली आहे.

सातवी पायरी: पहिला दिवस आणि शेवटची रात्र

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावर कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन होतात आणि केबिनच्या दाराशी त्या कधी कधी रात्रीच्या जेवणापर्यंतही पोहोचत नाहीत. म्हणून पहिल्या रात्री पोशाखाचा नियम सैल असतो, तरीही औषधे, कागदपत्रे, पोहण्याचे कपडे आणि संध्याकाळचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. जहाजावर पाऊल ठेवताच सगळी गर्दी बुफेकडे वळते. त्या दुपारी मुख्य भोजनगृह किंवा एखादा छोटा काउंटर उघडा आहे का ते विचारावे, तिथे पुष्कळदा निवांत बसून जेवता येते. त्यानंतर सुरक्षेची कवायत पूर्ण करावी, टेबलाची जागा पाहून यावी आणि ॲपवर राहिलेल्या नोंदण्या उरकाव्यात.

घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावे आणि फोनवर विसंबू नये. किनाऱ्याजवळून जाताना फोन तिथली वेळ उचलतो आणि ती जहाजाच्या वेळेपेक्षा तासाने पुढे-मागे असू शकते. अशाच एका संध्याकाळी मी फोनच्या वेळेनुसार अगदी वेळेवर भोजनगृहाच्या दाराशी पोहोचलो, तर आमच्या टेबलावर गोड पदार्थाच्या रिकाम्या ताटल्या होत्या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेच्या आत, बहुधा मध्यरात्रीपूर्वी, केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीही पोशाख साधाच असतो, कारण सगळ्यांचे चांगले कपडे तोवर बांधून झालेले असतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे पलंगावर मांडून मोजावेत: अंतर्वस्त्रे, पँट, शर्ट, मोजे आणि बूट. बुटांवर विशेष लक्ष असू द्यावे. माझ्या पहिल्या प्रवासात मी बाकी सगळे आठवणीने बाहेर काढले आणि बूट मात्र बॅगेबरोबर रवाना केले. शेवटच्या न्याहारीला पूर्ण कपड्यांत आणि पायांत केबिनमधल्या कापडी सपाता अशा थाटात गेलो, तेव्हा आमच्या वेटरने खाली पाहिले, काही न बोलता खुर्ची ओढून दिली आणि कॉफी दुधाशिवाय आणली.